काटे नाही फिरवले

मी ओहायोत राहते आणि घरून, फोनवर, दुभाषी म्हणून काम करते. अमेरिकेतल्या एखाद्या दवाखान्यात इंग्रजी न येणारा मराठी रुग्ण आला की माझा फोन वाजतो. १९६४च्या नागरी हक्क कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना ही सोय करावी लागते. चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. रुग्ण 'मला झोप लागत नाही' म्हणाला की मीही इंग्रजीत 'मला'च म्हणायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही, रुग्णाशी वेगळ्या गप्पा मारायच्या नाहीत.

डिसेंबरातल्या एका बुधवारी दुपारी तीनला न्यू जर्सीतून फोन आला. (ओळख पटेल असं सगळं वगळून लिहिते आहे.) वयस्कर काकू, सोबत मुलगा. तो म्हणाला, आईला वेळेचं भान राहिलं नाही, रात्री-अपरात्री उठून बसते, भलतेच वार सांगते. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची तपासणी सुरू केली.

आपण कुठे आहोत? "दवाखान्यात. न्यू जर्सी." साल बरोबर. महिना? "मार्गशीर्ष." मी शब्द तसाच पुढे दिला. वार? "गुरुवार." किती वाजले असतील? "दीड."

पलीकडे कीबोर्ड वाजला. तीन उत्तरं चुकली होती.

माझ्या टेबलावर दोन घड्याळं असतात. एक इथलं, दुसरं पुण्याचं. आईला झोपेतून उठवू नये म्हणून ठेवलेलं. माझी नजर त्यावर गेली. दीड वाजून दोन मिनिटं. मध्यरात्र उलटलेली, म्हणजे तिकडे गुरुवार लागलेला.

खरं तर अशा तपासणीत दुभाष्याने सगळ्यात जास्त जपायचं असतं. उत्तर जरा सावरून सांगितलं तरी खरा आजार झाकला जाऊ शकतो. शिवाय काकूंचं बरोबर असावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि तेच धोक्याचं. पण गैरसमज होतोय असं दिसलं तर 'आता दुभाषी स्वतः बोलते आहे' असं सांगून थांबवता येतं. मी थांबवलं. भारतात आत्ता गुरुवार आहे, रात्रीचा दीड वाजला आहे, मार्गशीर्ष हा आमच्या पंचांगातला चालू महिना आहे, एवढंच डॉक्टरांना सांगितलं. मग तेच काकूंना मराठीत. रुग्णाला न कळवता काही बोलायचं नाही, हाही नियमच.

"मग मी दुसरं काय सांगतेय?" काकू म्हणाल्या. "ह्यांचं एचएमटी आहे हातात. रोज चावी देते. काटे नाही फिरवले."

का, ते डॉक्टरांनी विचारलं.

"घराला कुलूप आहे. सकाळी सहाला शेजारची येऊन तुळशीला पाणी घालते. इथं तेव्हा संध्याकाळचे साडेसात. तेवढा वेळ मी आपली खिडकीशी उभी राहते."

साडेदहा तासांची वजाबाकी त्यांनी बोलता बोलता केली होती.

तपासणी डॉक्टरांनी सोडली नाही, पुढचे प्रश्नही विचारले. लक्षात ठेवायला दिलेले तिन्ही शब्द काकूंनी बरोबर सांगितले. मग डॉक्टर जरा थांबले आणि म्हणाले, दिवसभर कुणाशी बोलता?

"हे दोघं सातला जातात. मग कुणी नाही. आज हिच्याशी बोलले तेवढंच."

मुलगा नुसता खाकरला. मी ते वाक्य इंग्रजीत म्हटलं, 'मी' धरून, माझ्या रिकाम्या खोलीत, आणि आवाज सरळ ठेवायला मला श्वास घ्यावा लागला. इतक्या वर्षांत दुसऱ्यांची दुखणी 'माझी' म्हणून किती बोलले असेन. हे वाक्य मात्र बोलून झाल्यावर माझ्याकडेच राहिलं.

डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलं. दुभाषीचे आभार मानले. फोन ठेवायच्या आत काकू घाईघाईने म्हणाल्या, "बाई, तू तिकडूनच बोलत्येस ना गं? रात्रीचं जागवलं तुला. दोन वाजत आले. झोप आता."

नियमाप्रमाणे मी हेही डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. मी कुठे आहे, ते काकूंना सांगितलं नाही.