एवढंच होतं?

सिस्टीम बंद पडली की आमचे साहेब पहिला प्रश्न विचारतात, "किती वेळ लागेल?" ती पुन्हा सुरू झाली की शेवटचा, "एवढंच होतं?" या दोन प्रश्नांच्या मधल्या वेळाचा मला पगार मिळतो.

पहिला प्रश्न येतो तेव्हा काय बिघडलंय हेच कुणाला ठाऊक नसतं. हरवलेली किल्ली किती वेळात सापडेल, असं विचारण्यातलाच तो प्रकार. कुलूप उघडायला दोन सेकंद पुरतात, पण त्याआधीच्या शोधाशोधीचा हिशेब कसा द्यायचा? नोकरीच्या सुरुवातीला मी प्रामाणिकपणे "माहीत नाही" म्हणायचे आणि पुढची दहा मिनिटं बोलणी खायचे. मग एकदा वैतागून "चाळीस मिनिटं" म्हणून गेले. चाळीसच का? तोंडात आलं म्हणून. कॉलवर एकदम शांतता पसरली. साहेबांनी तो आकडा त्यांच्या साहेबांना कळवला, त्यांनी त्यांच्या. चाळीस मिनिटांनी अर्थातच काही सुरू झालेलं नव्हतं, पण तेवढा वेळ कुणी मानगुटीवर बसलं नव्हतं.

खोटं पचलं, पण मनाला पटलं नाही. आता मी म्हणते, "वीस मिनिटांनी पुन्हा सांगते, तोवर डेटाबेस तपासून झालेला असेल." साहेबांना वर सांगायला काहीतरी मिळतं आणि मला आकाशातून आकडा काढावा लागत नाही. पथ्य एकच, विसाव्या मिनिटाला खरंच बोलायचं. सांगण्यासारखं काही नसलं तरी.

कॉल हे एक वेगळंच प्रकरण आहे. बिघाड मोठा असेल तर त्यात भराभर माणसं जोडली जातात. काम करणारे चौघे, उरलेले उंटावरून शेळ्या हाकायला. दर पाच मिनिटांनी कुणीतरी नवा येतो आणि "सुरुवातीपासून सांगता का जरा?" म्हणतो. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी लांबतं, हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. आणि ब्रूक्स काही आमच्यासारखे चिडलेले कारकून नव्हते. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अवाढव्य कामाचे ते स्वतः मॅनेजर होते. हिशेब सरळ आहे. चार माणसांत आपसात बोलणाऱ्या जोड्या होतात सहा, चौदा माणसांत एक्याण्णव. हे मी एकदा साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग एक कोऑर्डिनेटर घेऊ या कॉलवर." पंधरावा.

मागच्या वर्षीची एक दुपार मात्र विसरता येत नाही. दोन वीसला तक्रारी सुरू झाल्या. निम्म्या लोकांचं काम चालू, निम्म्यांचं अडकलेलं. संपूर्ण बंद पडलेलं बरं, पण हे अर्धवट फार छळतं. आम्हाला वाटलं ताण वाढला असेल. मग वाटलं, आदल्या रात्री टाकलेल्या नव्या आवृत्तीत गडबड असेल. ती मागे घेतली, त्यात तास गेला, फरक शून्य. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच लिहितो त्या नोंदींत, प्रत्येक ठिकाणी फक्त 'कनेक्शन फेल्ड'. म्हणजे आजारी माणसानं "बरं वाटत नाही" एवढंच सांगायचं.

तिकडे साहेबांचा जप चालू होता. "रिस्टार्ट करा ना. रिस्टार्ट का करत नाही तुम्ही?" मी समजावत होते की निम्म्यांचं चालू आहे, कारण कळल्याशिवाय त्याला हात लावायला नको. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही, असंही म्हणाले. हे म्हणताना माइक म्यूट आहे असं मला वाटत होतं. तो नव्हता. चार पंचावन्नला साहेबांनी आवाज चढवून हुकूम दिला, आणि आम्ही रिस्टार्ट केलं.

उरलेल्या निम्म्यांचंही बंद पडलं.

त्यानंतर कॉलवर जे काही बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. कारण सापडलं पाच चाळीसला. एका अंतर्गत सेवेच्या सर्टिफिकेटची मुदत दुपारी संपली होती. सर्टिफिकेट म्हणजे एका सर्व्हरनं दुसऱ्याला दाखवायचं ओळखपत्र. ते जोडणी सुरू होताना तपासतात, एकदा आत शिरलेल्याला सहसा कुणी पुन्हा हटकत नाही. म्हणून जुन्या जोडण्या सुखेनैव चालू होत्या आणि नव्या दारातूनच परत फिरत होत्या. मुदत संपत आल्याच्या सूचना वेळेवर गेल्या होत्या, पण नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या मेलवर. नवं सर्टिफिकेट बसवायला बारा मिनिटं लागली.

"एवढंच होतं?" साहेब म्हणाले. "मग साडेतीन तास काय करत होतात?"

डोंगर पोखरून उंदीर काढला, ही म्हण डोंगर न पोखरलेल्यानं रचली असणार. पोखरणाऱ्याला उंदराचा आकार दिसत नाही, तो कुठल्या बिळात नव्हता हे त्याला पाठ झालेलं असतं. आणि आमच्या धंद्यात उंदीर लहानच असतो. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याच्या फोनचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं होतं. एक स्विच, म्हणजे फोन जोडून देणारं यंत्र, अडखळून सावरला आणि कामाला लागल्याचा निरोप त्यानं शेजाऱ्यांना धाडला. त्या निरोपानं शेजारी अडखळले. ते सावरले, त्यांनी निरोप धाडले, पुढचे पडले. असे ११४ स्विच एकमेकांना पाडत राहिले. मुळाशी काय, तर सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये 'ब्रेक' हा एक शब्द चुकीच्या जागी पडलेला. तिथेही कुणीतरी "एवढंच होतं?" म्हटलं असेल, अशी मी माझी समजूत घालते.

दुसरा प्रश्न ठरलेला होता, "कोणी केलं?" कुणी काहीच केलं नव्हतं, तीच तर अडचण होती. हे साहेबांना पटायला संध्याकाळ गेली. खरं तर या उंदराची पैदास आता वाढणार आहे. ब्राउझर ज्यांवर विश्वास ठेवतात त्या सार्वजनिक सर्टिफिकेटांची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ३९८ दिवस असायची. टप्प्याटप्प्यानं कमी होत २०२९ च्या मार्चपासून ती ४७ दिवसांवर येणार आहे. म्हणजे हे काम माणसाच्या आठवणीवर सोडायची सोय उरणार नाही. आमचं त्या दुपारचं सर्टिफिकेट अंतर्गत होतं, पण मी सगळ्याच सर्टिफिकेटांची यादी केली. साहेबांनी ती 'नंतर बघू'मध्ये ठेवली आहे.

आता कबुली. बिघाड चालू असताना मी वहीत वेळा टिपून ठेवते, त्यामुळे नंतर स्मरणशक्तीवर भांडावं लागत नाही. त्या वहीतून मी अहवाल लिहिला. चार पंचावन्न: रिस्टार्ट, सेवा पूर्ण बंद. पाच चाळीस: कारण सापडलं. दोन्ही ओळी शंभर टक्के खऱ्या. फक्त त्यांच्या मधलं मी लिहिलं नाही. 'कनेक्शन फेल्ड'च्या पलीकडे एक अक्षर न बोलणारा आमचा प्रोग्रॅम सुरू होतानाच्या पहिल्या जोडणीची चूक मात्र सविस्तर लिहितो. ती चूक सर्टिफिकेटच्या मुदतीसकट लॉगमध्ये उमटली होती, आणि ती रिस्टार्टमुळे उमटली होती. नाहीतर मी रात्रीपर्यंत डेटाबेसच तपासत बसले असते.

साहेबांनी अहवाल वाचला. चार पंचावन्नच्या ओळीपाशी थांबले, चष्मा काढून पुसला आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "ही रिस्टार्टची ओळ जरा सौम्य करता येईल का?"

"बघते, सर," मी म्हणाले.