वर पाहा, खाली पाहा

नागपुरात मे महिन्यात एमआरआयला आलेल्या माणसाच्या खिशात कांदा सापडला तर आम्हाला नवल वाटत नाही. ऊन लागू नये म्हणून घरच्यांनी ठेवलेला असतो. धंतोलीत १२ वर्षांपासून मी एमआरआय टेक्निशियन आहे, आणि खिसे रिकामे करवून घेणं हे माझं निम्मं काम. मोबाइल, किल्ल्या, चिल्लर, एटीएम कार्ड, चुन्याची डबी, खर्र्याची पुडी असं सगळं ट्रेमध्ये जमा होतं. एमआरआयचं यंत्र म्हणजे मोठं चुंबक. कांद्याचं चुंबकाशी काही वाकडं नाही, पण तोही ठेवायला लावते. नाहीतर टेबलवर आडवं झालं की नेमका कमरेखाली येतो.

बायकांचं वेगळं. जोडवी साबण लावूनही निघत नाहीत, आणि मंगळसूत्र निघत असूनही काढवत नाही. "ते आता सरणावरच निघन," असं एका आजीनं मला सुनावलं होतं. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये हळकुंड बांधलेले दोरे असतात. गळ्यात दोरा बांधला की बाई मुकाट्यानं मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातात देते.

तर त्या दिवशी पारा ४५ च्या वर होता आणि दुपारी दोनच्या नंबरला हिंगणा एमआयडीसीतले एक काका होते. वय बावन्न, कंबर धरलेली, डाव्या पायाला मुंग्या. सोबत काकू आणि पुतण्या. फॉर्म पुतण्यानं भरला होता. पेसमेकर, मेंदूत क्लिप, कानातलं मशीन, हाडात रॉड, अंगात छर्रे, डोळ्यात धातूचा कण. सगळ्यांपुढे 'नाही'. मी मोठ्यानं विचारलं, "काका, शरीरात कुठं धातू वगैरे?" ते म्हणाले, "नाई जी." मी सही केली.

मग माझं रोजचं पाठ केलेलं सुरू झालं. आत गार असतं, चादर देते. वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. मशीन ठकठक, घर्रघर्र असा आवाज करते, तो आतल्या कॉइल थरथरतात म्हणून येतो. कानात बोळे आणि वरून हेडफोन देते. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. हातात रबरी फुगा देते. जीव घाबरला, खोकला आला, काहीही झालं तरी दाबा, मी लगेच येते. ही शेवटची गोष्ट मी दोनदा सांगते, कारण बंद जागेत माणसाला फुग्याचाच आधार असतो. टेबल बाहेर आणता येतं एवढं कळलं तरी निम्मे लोक शांत पडून राहतात.

हे सांगता सांगता गाऊनच्या बाह्या वर करून हातात कडं-अंगठी काही राहिलं का पाहत होते. कोपरापर्यंत काळे काळे ठिपके, तीळ विखुरल्यासारखे.

"हे काय हो काका?"

"ठिणग्या जी. ग्राइंडरच्या."

"डोळ्याला चष्मा लावता?"

"आता लावतो. पह्यले कोन लावत होतं?"

"कधी डोळ्यात काही गेलं होतं?"

"गेल्तं ना. छिन्नी मारून राह्यलो होतो, कुचकन लागलं. कंपाउंडरनं कापसानं काढून देल्लं. झाले पंधरा-सोळा वर्षं."

'धातूचा कण' आणि 'कुचकन लागलं' हे एकच, हे त्यांना कसं कळावं? फॉर्मची भाषा माझी होती, त्यांची नव्हती.

आमचं यंत्र दीड टेस्लाचं. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट. बाकी अंगात जुना कण रुतला असेल तर त्याभोवती मांस धरतं, पण डोळ्याच्या आत पाण्यासारखा मऊ गर असतो. तिथं लोखंड हललं तर पडदा फाटू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. मी काकांना बाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांना फोन लावला. सर म्हणाले, "आधी डोळ्यांचा एक्स-रे. वर पाहून एक, खाली पाहून एक."

हे दोन फोटो का काढतात ते मी शिकले होते. प्रत्यक्ष पाहिलं त्या दिवशी. पहिल्या फोटोत उजव्या खोबणीत एक पांढरा ठिपका. फिल्मवरचा डाग असेल, पापणीत अडकलेलं काही असेल. दुसऱ्या फोटोत नजर खाली, आणि ठिपका जागेवरून सरकलेला. नजरेबरोबर हलतो म्हणजे तो डोळ्याच्या गोळ्यातच आहे. मला घाम फुटला, एसीत. फॉर्मवर खाली माझी सही होती.

काकांना सांगितलं तर ते खुशच झाले. "मंग तुमचं चुंबक हायच त ओढून घ्या ना बाहेर!"

काकू त्यांच्यावर डाफरल्या. मी समजावलं की काढता येतं, पण डोळ्याचे डॉक्टर काढतील, कुठून येतो ते बघत बघत. आमचं चुंबक रस्ता बघून ओढत नाही. मग बंद करा म्हणाले. तेही सहज होत नाही. चुंबकाची वेटोळी उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमवर थंड ठेवलेली असतात, त्या थंडीत त्यांतली वीज फिरतच राहते, दिवे मालवून आम्ही घरी जातो तेव्हाही चुंबक चालूच असतं. रात्री झाडूवाल्या बाईनं लोखंडी बादली आत नेऊ नये म्हणून दाराला कुलूप असतं.

सरांनी त्या डोळ्यानं कसं दिसतं विचारलं. "रातीचं धुकं वाटते. मोतीबिंदू असन." मोतीबिंदू नव्हता नुसता. लोखंड वर्षानुवर्षं डोळ्यात राहिलं की त्याचा गंज हळूहळू पडद्यात उतरतो आणि नजर घेऊन जातो. चिठ्ठी देऊन त्यांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. कमरेसाठी आले आणि डोळा घेऊन गेले, असं काकू रिक्षात बसताना पुटपुटल्या. पैसे परत करताना काउंटरवर पुतण्यानं थोडी हुज्जत घातली, एक्स-रेचे का कापले म्हणून. त्याचंही बरोबरच होतं, भर उन्हात आले होते.

त्यानंतर मी फॉर्म वाचून दाखवणं बंद केलं. आता विचारते, काम काय करता, वेल्डिंग-ग्राइंडर कधी केलं का, डोळ्यात कधी काही उडालं का. दोन मिनिटं जास्त लागतात. रांगेतले लोक वैतागतात.

काका ऑगस्टमध्ये परत आले. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, रातीचं धुकं होतं तेवढंच राहिलं होतं, पुढे वाढणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणाले. पायाच्या मुंग्या मात्र कायम. सरांनी पुन्हा दोन्ही फोटो काढवले, ठिपका नव्हता. खिशात आता कांदा नव्हता, प्लास्टिकची छोटी बाटली होती. आत मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा काळा कण. ऑपरेशनवाल्यांकडून मागून घेतलेला. मी ती ट्रेमध्ये ठेवायला लावली, तर म्हणाले, "सांभाळा बरं, सोळा वर्षं सांभाळलं म्या."

आत गेले. चादर, बोळे, हेडफोन, फुगा. पाचव्या मिनिटाला फुगा वाजला. मी स्कॅन थांबवून धावत आत गेले, टेबल बाहेर ओढलं.

"काय झालं काका? श्वास कोंडतो?"

"काई नाई जी," ते म्हणाले. "चालते का नाई, पाहून राह्यलो होतो."