तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्सिजन मीटर घरी का बनवतो?

"तयार मीटर मिळतो ना? मग जिवाशी गाठ असलेली वस्तू घरी कशाला बनवायची?" नायट्रॉक्सवर, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेवर, डाइव्ह करणारे सगळे मला हेच विचारतात. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती टक्के आहे, ते हा मीटर सांगतो. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या त्या ट्रिपनंतर ताईने तर इतक्या वेळा विचारलंय, की आता एकदा लिहूनच टाकतो.

पैसे वाचवायला नाही. मोठा खर्च सेन्सरचा, आणि तयार मीटरमध्येही तसाच सेन्सर असतो. बाकी काय, सिग्नल वाढवणारा एक ऑप-अँप, जुळवणीसाठी फिरवायचा दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर, पॅनेल मीटर आणि बॅटरी. सेन्सर म्हणजे शिसं खाऊन चालणारा छोटा सेलच. ऑक्सिजन वाढला की मिलिव्होल्ट त्याच प्रमाणात वाढतात. हवेत धरायचा, पोटेन्शिओमीटर फिरवून २०.९, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनचे टक्के, आणायचे, झालं. मला तेव्हा खरंच असं वाटायचं.

त्या सकाळी भाचीबरोबर डिक्सन्स पिनॅकल या डाइव्हच्या जागी ३२ मीटर खोलपर्यंत जायचं ठरलं होतं. सिलिंडर ३२ टक्क्यांचे मागितले होते. माझ्या मीटरवर तिच्या सिलिंडरचा आकडा आला ३२.१. मी सिलिंडरवरच्या टेपवर "३२, ३३ मी.", म्हणजे टक्के आणि जास्तीत जास्त खोली, लिहिलं आणि तिने खाली सही केली. डाइव्ह मास्टरने बोटीवरच्या मीटरने पुन्हा मोजलं, तर ३५.८. मी दहा मिनिटं वाद घातला. तुमचा सेन्सर ओला झालाय म्हणालो. शेजारच्या बोटीवरून तिसरा मीटर आणला. त्यावर ३५.९. भाची हातात मार्कर धरून उभी होती. "मामा, मग कुठला आकडा लिहू?"

सिलिंडर भरताना चूक झाली होती, हे खरं. पण ती पकडायलाच तर मीटर असतो. खोल जाल तसा श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब वाढतो, आणि ३६ टक्क्यांवर त्याची १.४ बारची मर्यादा २८ मीटरलाच येते. ३२ मीटरवर तिला १.५ बार ऑक्सिजन मिळाला असता. कदाचित काहीच झालं नसतं. पण जास्त ऑक्सिजनने येणारा झटका सांगून येत नाही, आणि पाण्याखाली तोंडातलं रेग्युलेटर सुटलं तर पुढचं मला लिहवत नाही.

पुण्याला येऊन सेन्सर थेट मल्टिमीटरला लावला. हवेत ६.८ मिलिव्होल्ट. नवा होता तेव्हा ११च्या वर होता. शिसं संपत आलं होतं. दर ट्रिपला मी पोटेन्शिओमीटर थोडा जास्त फिरवत होतो आणि २०.९ दिसले की समाधान मानत होतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ३२ मिलिव्होल्टच्या पुढे जायला हवा होता, तो २४ वरच अडकला. मरायला टेकलेला सेन्सर हवेत बरोबर बोलतो आणि जास्त ऑक्सिजन असला की कमी सांगतो. नेमका धोक्याच्या बाजूला.

फक्त हवेवर जुळवायचा तयार मीटरही या सेन्सरवर असाच फसला असता, हे मी ताईला आजही सांगतो. ती म्हणते, त्यावर निदान सेन्सरची तारीख तरी लिहिलेली असती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तारीख मी लिहिली नव्हती.

तरी पुन्हा घरीच बनवला. आता बटण दाबलं की मूळ मिलिव्होल्ट दिसतात. जुळवणी सिलिंडरमधल्या कोरड्या हवेवर करतो, कारण अंदमानच्या दमट हवेत ऑक्सिजन २०.९ भरत नाही. ट्रिपआधी शुद्ध ऑक्सिजनवर तपासतो, हवेच्या ४.८ पट यायला हवा. आत काय चाललंय ते दिसल्याशिवाय माझा आकड्यावर विश्वास बसत नाही. दिसत असूनही मी तेव्हा पाहिलं नव्हतं, हे ताईचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

भाचीने स्वतःचा तयार मीटर घेतलाय. दोन्हींवर मोजतो. मागच्या वेळी ०.३ चा फरक आला, तेव्हा टेपवर मोठा आकडा लिहिला. तिनेच लिहिला.