किन्ना, धुराचं पेट्रोल आणि काकांचा हिशोब

उत्तरायणच्या आदल्या रात्री गच्चीवर पतंगांना किन्ना बांधत बसलो होतो (पुण्याकडचे कण्णी म्हणतात, आम्हा बडोद्याच्या लोकांचा किन्नाच), तेवढ्यात शेजारचे काका वर आले आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न, काय रे, धुराचं पेट्रोल झालं का? मी कार्बन डायऑक्साईडपासून इंधन करण्यावर पीएचडीला लागल्यापासून दांडिया बाजारात माझी एवढीच ओळख आहे.

म्हटलं काका, ते राखेचं परत लाकूड करण्यासारखं आहे. कार्बन डायऑक्साईड सरळ रेषेतला, महाहट्टी रेणू, त्यात एकटा इलेक्ट्रॉन कोंबायचा तर त्याला वाकवावं लागतं आणि त्यालाच उणे १.९ व्होल्ट लागतात (जितकं जास्त उणे, तितका जोर जास्त). पण दोन इलेक्ट्रॉन आणि सोबत दोन प्रोटॉन दिले तर उणे ०.५३ च्या आसपास कार्बन मोनॉक्साईड मिळतो, पुढे त्यात हायड्रोजन मिसळून फिशर-ट्रॉप्श नावाच्या प्रक्रियेने पातळ इंधन करता येतं. तर ही दोन-दोनची जुळवाजुळव करायला कॅटलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक. मध्ये धातूचा एक अणू, भोवती लिगँडची, म्हणजे त्याला धरून बसलेल्या रेणूंची चौकट, आणि सगळी गंमत त्या चौकटीत, किन्ना जरा वर-खाली बांधला की तोच पतंग गोते खातो ना, तसं. २०१२ मध्ये पॅरिसच्या साव्हेआंच्या ग्रुपने आयर्न पॉर्फिरिनच्या (लोखंडाभोवतीची अशीच एक चौकट) कडेने आठ फिनॉलिक ओएच, म्हणजे प्रोटॉन देणारे गट, लावले, लोखंड तेच, फक्त प्रोटॉन हाताशी आले, तर स्पीड कुठल्या कुठे गेला आणि ९० टक्क्यांच्या वर कार्बन मोनॉक्साईडच. नाहीतर आमचं रडगाणं हेच असतं की प्रोटॉन आपापसात जुळून नुसता हायड्रोजन निघत बसतो.

काका जन्मभर अकाउंट्समध्ये. सगळं ऐकून म्हणाले, ते ठीक, पण इलेक्ट्रॉन येतात कुठून?

इथे मी अडकलो. कारण उन्हावर चालणाऱ्या अशा बहुतेक प्रयोगांत ते बाटलीतून येतात. १९८३ मध्ये स्ट्रासबुर्गला लेन यांच्या ग्रुपने ऱ्हेनियम धातूच्या कॅटलिस्टवर प्रकाश टाकून कार्बन मोनॉक्साईड काढला तेव्हाही सोबत ट्रायइथेनॉलअमाईन होतंच. ते इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः मोडून वाया जातं, आणि बनतं कशापासून, तर इथिलीन ऑक्साईड आणि अमोनियापासून, म्हणजे फिरून पेट्रोलियमच! पानं इलेक्ट्रॉन पाण्यातून काढतात, खरं तर आपणही तसेच काढायला पाहिजेत, पण पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन ओढून ऑक्सिजन सोडायचा हे वेगळंच दुखणं, त्याला दुसरा कॅटलिस्ट लागतो, आणि दोघांना एकाच संसारात नांदवायचं म्हणजे... असो. एकेकट्याचे आकडे झकास येतात आणि पेपरही त्याच्यावरच निघतात, माझाही पहिला तसलाच, उगाच कशाला लपवू.

"म्हणजे कर्ज काढून एफडी केलीस," काका म्हणाले आणि माझ्या हातातून फिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण झाल्यावर गाईडना विचारलं, सर, बाटली काढून पाण्यावर करून बघू का? म्हणाले, बघ ना, पण आधी तो बाटलीवाला पेपर सबमिट कर.