आजीनं विचारलं, कापूस कुठी ठेवाचा?

22 एप्रिल 2023, अक्षय तृतीयेचा मुहूर्त. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात घराची आखणी करायला मी सकाळी सातलाच पोचलो, कारण एकदा ऊन चढलं की एप्रिलात उघड्यावर उभं राहवत नाही. तीस बाय पन्नासचा प्लॉट, जुन्या घराला लागूनच. नकाशा माझाच होता: हॉल, किचन, दोन बेडरूम, दोन्हींना लागून संडास-बाथरूम. घरच्या मुलानं नागपूरच्या मेहुण्याच्या घराचे फोटो पाठवले होते, तसंच पाहिजे म्हणाला होता. प्लॉटची मापंही त्यानंच फोनवर दिली. जुन्या घरात मी पाऊलही टाकलं नव्हतं.

दोऱ्या ताणल्या, चुन्याची फक्की टाकली, नारळ फुटला. तेवढ्यात आजी काठी टेकत आली. पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन एकेका खोलीत उभी राहिली, ही कोणती, ही कोणती विचारत. सगळं फिरून झाल्यावर म्हणाली, "सारं बेस हाये बाबू. पन कापूस कुठी ठेवाचा?"

मुलगा खाली बघत राहिला. आजीनं मला जुन्या घरात नेलं. माजघराचं दार ढकललं तर हातभर उघडून अडकलं. आत आढ्यापर्यंत कापूस. आदल्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, त्या आशेनं त्या वर्षी गावोगाव कापूस घरातच राहिला. भाव काही चढला नाही. दिवाळीपासून सहा माणसं ओसरीत आणि अंगणात झोपत होती. आजीनं हात पुढे केला. कोपरापर्यंत कापसानं उठलेलं लाल पुरळ, खाजवून खाजवून सोललेलं. नातीनं दहावीचा अभ्यास त्याच ओसरीत केला होता, गोधडीचा आडोसा करून.

ज्या घरात वर्षातले पाच-सहा महिने पीकच मोठ्या खोलीत राहतं, त्याला मी शहरातला नकाशा दिला होता. मिस्त्रीला सांगितलं, मुहूर्ताची कुदळ मारून घ्या, खोदकाम आज नाही.

मग घरातल्या वस्तूच बाहेर आणल्या. बाज, गव्हाची कोठी, मोटरसायकल, शिलाई मशीन. जिथे ठेवायच्या तिथे ठेवल्या आणि रेघा पायानं पुसत गेलो. ज्याला मी मास्टर बेडरूम म्हणत होतो, तिथे बाज ठेवल्यावर कोठीला जागाच उरेना. कागदावर हे दिसलं नव्हतं.

कापसाची खोली गल्लीच्या बाजूला घेतली. तिला बाहेरून पाच फुटांचं, दोन फळ्यांनी उघडणारं दुपाखी दार, म्हणजे गाडी मागे लावून थेट भरता येईल, माणसांच्या खोल्यांतून एक बोंडही जायला नको. कापूस चटकन पेटतो, म्हणून स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. कापसाच्या खोलीत विजेचा बोर्ड ठेवला नाही, बटणं बाहेर. हॉलकडच्या भिंतीत लिंटेल, म्हणजे दारावरचा भार पेलणारी आडवी पट्टी, टाकून तिच्याखालची दाराएवढी जागा मातीत रचलेल्या विटांनी बंद करायची ठरवली. पुढे कापूस बंद झाला किंवा मुलाचं लग्न झालं, तर तेवढ्या विटा काढल्या की ती घरातली खोली होते. भिंत फोडायची नाही, स्लॅबला धक्का नाही. जिनाही बाहेरून घेतला, म्हणजे उद्या वरचा मजला वेगळा संसार म्हणून चालेल.

मागच्या दारापाशी न्हाणी आजीच्या सुनेनं मागितली. फवारणी करून आलेला माणूस आधी अंग धुवेल, कपडे तिथेच काढेल, मग घरात येईल. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते इकडे कोणी विसरलेलं नाही. ही मागणी मला त्या दिवसातली सगळ्यात शहाणी वाटली. औषधाचे डबे ठेवायला तिथेच बाहेरून उघडणारं कुलपाचं कपाट दिलं.

कूलरचंही तसंच. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तरी नकाशात कूलरची जागा कोणी दाखवत नाही. मग तो पश्चिमेच्या उन्हात तापत राहतो. आम्ही तो उत्तरेच्या खिडकीत घेतला, शेजारी नळाची तोटी काढली आणि हवा बाहेर पडायला समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवला. झरोका नसला की कूलर घरात नुसता दमटपणा करतो.

दुपारचे दोन वाजले. फक्कीच्या दोन गोण्या संपल्या. तिसऱ्या दिवशी खोदकाम सुरू झालं. पाच फुटांवर मुरूम लागेपर्यंत मी पाया भरू दिला नाही, काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर भिंत टिकत नाही.

2024 च्या डिसेंबरात त्या गावावरून जात होतो, थांबलो. गल्लीच्या बाजूचं दुपाखी दार कडी लावून बंद, फटीत कापसाचे पांढरे धागे अडकलेले. हॉलमध्ये नात पुस्तकं पसरून बसली होती. उत्तरेच्या खिडकीखाली आजीची बाज, आणि आजी दुपारची गाढ झोपलेली. मी चहा न घेताच हळूच निघालो.