आकडा सांगितला तर दंड?

शेजारच्या बाई सत्तरीच्या आहेत. त्यांच्या पोर्चमध्ये खिळ्याला हवा मोजायचा पांढरा डबा टांगलेला असतो, आपल्या वरणाच्या डब्याएवढा. पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा मोबाइलवर येतो. काल मी सहज म्हटलं, रोजचा आकडा गल्लीच्या ग्रुपवर टाका की. त्या म्हणाल्या, "टाकायचे गं पूर्वी. आता भीती वाटते."

इथे अमेरिकेत, लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये, चार वर्षं काढली, पण हे मला ठाऊकच नव्हतं. लुइझियाना राज्याने 2024 मध्ये कायदा केला. लोकांनी स्वतः मोजलेल्या आकड्यांवरून कारखान्यावर नियम मोडल्याचा आरोप करायचा, तर यंत्र ईपीएच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याच्या, मान्यतेचंच हवं. ते हजारो डॉलरचं, बाईंचा डबा दोन-तीनशेचा. नाही पाळलं तर दिवसाला 32,500 डॉलरपर्यंत दंड! स्वस्त यंत्रं दमट हवेत आकडा चढा दाखवतात, हे खरं. मग चांगलं यंत्र आणून लावा ना गल्लीत. म्हाताऱ्या बाईला धाक कसला घालता? इथून न्यू ऑर्लिन्सपर्यंत नदीकाठी पेट्रोकेमिकल कारखान्यांची रांग आहे, लोक त्या पट्ट्याला 'कॅन्सर ॲली' म्हणतात. याच देशात कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये उलटा कायदा केला: जिथे हवा सगळ्यात वाईट, तिथे रहिवाशांना सोबत घेऊन मोजायची.

मला नवी मुंबईतलं आमचं कोपरखैरणे आठवलं. रात्री कारखान्यांचा वास सुटला की आई खिडक्या लावून फटीत ओला पंचा कोंबते आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिते, "आज पुन्हा." खाली पटापट "आमच्याकडेही" येतात. आपल्या हवेबद्दल मी इथे कधी तोंड उघडत नाही, पण काल बाईंना ताठ मानेने सांगितलं, आमच्याकडे बोलल्याबद्दल दंड नाही.

रात्री नवऱ्याने 1981 चा हवा कायदा काढला. आपल्याकडेही कोर्टात जायला आधी 60 दिवसांची नोटीस लागते, आणि पुरावा म्हणून चालतो तो ठरलेल्या पद्धतीने सरकारी माणसाने घेतलेला नमुना. आईच्या "आज पुन्हा"ला तिथे किंमत नाही. मान्य. तरी तिला गप्प कुणी केलेलं नाही, आणि हा फरक मला लहान वाटत नाही.

इथल्या काही संस्था 2025 मध्ये लुइझियानाच्या कायद्याविरुद्ध केंद्रीय कोर्टात गेल्या आहेत. बाई त्या निकालाची वाट बघतायत.

सकाळी आईला फोन केला. परवा पुन्हा वास आला होता म्हणे. तिने तारीख आणि वेळ दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिली आहे. त्या पानाचा फोटो मागवला आहे. बाईंना दाखवायचा आहे.