मैना अपडेट: फाळका, दोरीची गाठ आणि माझी नाडी

माझी घोडी मैना पिकअपमधे चढायला परत अडली. ताडपत्रीवरून चालणं झालं, ओढा झाला, डीजेसमोर उभं राहणं तर ती जुनी वरातीची घोडी म्हणून तिनंच आपल्याला शिकवावं, आणि पिकअपचा फाळका (मागची पाडायची फळी) दिसला की पुढचे दोन पाय रोवून खांबासारखी उभी. माळेगावच्या यात्रेला गाडीतून न्यायची असं मागच्या अपडेटमधे लई थाटात लिहिलं होतं, ते सध्या पेन्सिलीनं लिहिलंय असं समजा.

नेहमीचे संशय आधीच निकालात काढले होते. घोड्याची नजर उजेडातून अंधारात बसायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेते, म्हणून वरची ताडपत्री काढली. फाळका धबधब वाजतो म्हणून त्यावर पोती आणि पोत्यांवर कडबा. चढ नको म्हणून मुरमाच्या ढिगाला गाडी टेकवली, म्हणजे जवळपास सपाटच. तरी नाही. बरं ही गाडी चुलतभावाची, त्याला रोज सकाळी मोंढ्यात माल न्यायचा असतो, तो बाजूला किल्ली फिरवत उभा: "दादा, घोडी चढवायलास का लगीन लावायलास?" अशा वेळी चढवणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मग पुतण्याला सांगून मोबाईलवर शूटिंग केलं, पण कॅमेरा घोडीवर नाही, माझ्यावर. ही कल्पना लई कामाची निघाली. मी गाडीकडं वळलो की उजवा हात दोरीवरून टीचभर टीचभर वर सरकतो, आणि फाळक्यापाशी पोचेस्तोवर मूठ थेट मोरखीच्या, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याच्या, कडीखाली. मला याची काडीचीही जाणीव नसते. खांदे कानाला लागलेले, आणि शर्ट बघितला तर छातीवर हलतच नाही, म्हणजे श्वास धरलेला. मैनेचा एक कान गाडीकडं आणि दुसरा पूर्ण माझ्याकडं वळलेला. ती फाळक्याला अडली म्हणायचं का मला, हा प्रश्न तिथंच पडला.

आता यात मन-बिन बाजूला ठेवून निव्वळ यांत्रिक गोष्ट बघा. घोड्याला जवळपास चौफेर दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. पायाखालची कड बघायची तर त्याला मुंडी खाली घालावी लागते. आणि मूठ कडीखाली आली की मुंडी खाली जातच नाही. म्हणजे तिला कड दिसू द्यायची नाही आणि वर म्हणायचं चढ. आपल्यात जे लोक "घोड्याला भीतीचा वास येतो" म्हणून विषय संपवतात त्यांना माझं म्हणणं एवढंच की वासापर्यंत जायची गरजच नाही, आधी मूठ बघा.

नाडीचंही बघितलं. मनगटावरचं स्वस्तातलं घड्याळ, नेमकं किती खरं दाखवतं देव जाणे, पण फरक तर दाखवतं. ओट्यावर बसलो की 78, आणि खुंटीवरून मोरखी काढली की 110 च्या पुढं. घोडी अजून तबेल्यात कडबा खायलीय, गाडी बघितलीही नाही! तिची नाडी जबड्याखाली बोट ठेवून मोजली, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. निवांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते, मैनेची तबेल्यात 36, आणि मी मोरखी घालून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो तर 60.

यावर 2009 मधे स्वीडनच्या संशोधकांनी केलेला प्रयोग आहे. माणसांना घोडा धरून ठरलेल्या रस्त्यानं फेऱ्या मारायला लावल्या, आणि शेवटच्या फेरीआधी सांगितलं की आता घोड्याजवळ छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाची नाडी वाढली आणि घोड्याचीही. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं हेच जसंच्या तसं घडलं. एका संध्याकाळी मी पाण्याची मोटर बघायला गेलो, पुतण्याच्या हातात मैना, हा पोरगा कानात गाणी लावून गाडीत ठेवलेलं पेंडीचं पोतं काढायला वर चढला आणि घोडी त्याच्यामागं पुढचे दोन पाय टाकून वर. "काका, ही तर चढायली की!" मी पळत आलो. लगेच ठरवलं की उद्यापासून हाच चढवणार, घरातल्या सगळ्यांना सांगितलं, सकाळी भाऊही उभा, शेजारचेही उभे, आणि पोरगा असा ताठ होऊन निघाला की मैना गाडीपासून वीस फुटांवरच थांबली. त्याला कळलं ना की हे मोठं काम आहे, झालं मग.

बर्लिनचा तो टापा आपटून गणिताचं उत्तर देणारा घोडा हान्स आठवा. 1907 मधे फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं शोधून काढलं की तो मोजत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याची मान कधी किंचित हलते ते बघून टाप थांबवत होता. मला त्यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं: सगळी मेख कळल्यावरही खुद्द फुंग्स्टकडून त्या खुणा आपोआप व्हायच्याच. म्हणून "शांत राहा, मन स्थिर ठेवा" हा सल्ला मला पटत नाही. अंगाला काहीतरी काम द्या, मन मागून येतं.

माझी दोन कामं अशी. एक, दोरीला हातभर अंतरावर लाल कापडाची गाठ. बोटं गाठीला लागली की कळतं हात सरकायला लागला, मग परत मागं. (दोरी सुताचीच घ्या. ऑनलाइन मागवलेल्या नायलॉनच्या मोरखीची कडी पहिल्याच झटक्याला उघडली, आणि ती दोरी तळहात सोलते ते वेगळंच. बाजारातल्या खोगीरवाल्याकडची जाड सुती दोरी दिसायला गबाळी पण हातात बसते.) दोन, भजनाची चाल गुणगुणत चालायचं. सूर काढायचा तर श्वास सोडावाच लागतो, धरता येत नाही. भाऊ हसतो, हसू दे.

परवा मैनेनं मुंडी खाली घातली, फाळक्याची कड हुंगली, पोत्यावर एकदा टाप आपटून बघितली आणि दोन्ही पाय वर. तिथंच उभी राहून नाकातून फुर्रर्र केलं, ओठ चाटले, आणि आतल्या कडब्याचं ताट ओढून घेतलं. मागून ढकला म्हणून दोघंतिघं ओरडले. मी खाऊ दिलं आणि मीच उतरवली. काटेरी लगाम घाला असंही एकानं सुचवलं, त्याला सांगितलं की जनावरांच्या 1965 च्या नियमांत त्याला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी माझ्या दारात तो येणार नाही.

मागचे पाय अजून बाकी आहेत. सकाळची मोंढ्याची घाई असेस्तोवर ते होणार नाहीत असं लिहितालिहिता डोक्यात आलं की पिकअपच कशाला, उसाचा सीझन लागेपर्यंत ट्रॅक्टरची ट्रॉली शेडमधे रिकामीच आहे की! ट्रॉली उंच आहे, पण मुरमाचा ढीग वाढवता येतो, आणि मैनेची रोजची चंदी तिथंच ठेवली तर कुणी किल्ली फिरवत उभं राहणार नाही. मग यात्रेचं गाडीतून जमलं तर जमलं, नाहीतर यंदा मी एकटाच जाऊन घोडे बघून येतो. ट्रॉलीचा पत्रा मात्र घसरतो. रबरी मॅट टाकली तर खाली पाणी साचतं का, आणि नाल मारलेल्या घोड्याखाली ती किती टिकते, ज्यांनी वापरलीय त्यांनी सांगा, म्हणजे रविवारी नांदेडला जाऊन घेऊन येतो.